बिनखोडीची गाडी आणि रंगनाथ भिंगारदिवे

मी आयुष्यात विकलेली पहिली पिकअप गाडी तिचे दोष भर बाजारात ओरडून सांगितल्यावर खपली. ओरडणारा मी नव्हतो. मी गाडीच्या पलीकडे तोंड लपवून उभा होतो.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. नगरच्या स्टेशन रोडवर 'शिखर' कंपनीच्या पिकअपची एजन्सी नवीनच निघाली होती आणि मी तिथे विक्री अधिकारी होतो. अधिकारी फक्त कार्डावर. आमच्या घराण्यात सात पिढ्या भिक्षुकी झाली, मग दोन पिढ्या मास्तरकी, आणि वडिलांच्या मते मी टेम्पो विकत होतो. पाहुण्यांना ते 'आमचा नृसिंह खाजगीत आहे' एवढंच सांगत आणि विषय पावसावर नेत.

चार दुकानं सोडून 'दौलत' कंपनीची एजन्सी होती. तिथे धवल नावाचा, माझ्याच वयाचा, टाय लावणारा विक्री अधिकारी होता. नगरच्या उन्हात टाय लावणाऱ्या माणसाबद्दल माझं मत तेव्हाही वाईट होतं, आजही आहे. आम्ही गाडीवर ताडपत्री फुकट दिली की ते ताडपत्री आणि भिंतीवरचं घड्याळ देत. आम्ही घड्याळ दिलं की ते प्रेशर कुकर देत. एक गिऱ्हाईक तर महिनाभर दोन्हीकडे हेलपाटे घालून शेवटी मला विचारून गेलं की नुसता कुकर केवढ्याला पडेल.

शेवटी आमच्या मालकांनी फर्मान काढलं, "घोडेगावला जा. शुक्रवारी जनावरांचा बाजार भरतो. एवढी जनावरं येतात-जातात ती काय पायी? तिथं गाडी खपली नाही तर कुठेच खपणार नाही." मी गाडी धुऊन, हार घालून शुक्रवारी सकाळी बाजारात नेऊन उभी केली. धवल त्याची दौलत घेऊन माझ्या आधीच पोचला होता. हार त्याचा मोठा होता.

लोक आले. एकाने टायरला लाथ मारून पाहिली. एकाने पत्र्यावरून हात फिरवून गाडीच्या पाठीवर थाप मारली. एकाने बॉनेट उघडायला लावून आत असं वाकून पाहिलं की मला वाटलं, हा आता दात मोजणार. मग त्याने सरळ होऊन विचारलं, "हिची खोड काय?"

"खोड? काही नाही हो. एकदम निर्दोष गाडी."

त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं आणि निघून गेला. दुपारपर्यंत चौदा जणांनी तोच प्रश्न विचारला, चौदा जणांना मी तेच उत्तर दिलं आणि चौदाही जण तसेच गेले. धवलकडे सोळा जण आले होते, पण गेले तेही सोळाच, एवढंच समाधान.

चहाच्या टपरीवर छबूबाई होत्या. त्यांनी मला कप देता देता शहाणं केलं. "सायेब, बिनखोडीचं जनावर एक तर चोरीचं असतंय, न्हाई तर मेलेलं. तुमी रंगनाथभाऊला धरा. त्यानं खोड सांगितल्याबिगर इथं कोनी शेपटीला हात लावत न्हाई."

बाजाराच्या कडेला एक कडुनिंब होता आणि त्याच्याखाली रंगनाथ भिंगारदिवे उभे असत. पन्नाशीचा, उंच, वाळका माणूस. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा आणि बारा महिने हातात छत्री. घोडेगावात छत्री उघडायची वेळ वर्षातून चार दिवस येते. उरलेले दिवस ते छत्रीच्या टोकाने जनावराच्या खोडी दाखवत. सौदा ठरायच्या आधी घेणाऱ्या-देणाऱ्यासमोर, चार लोकांत, मोठ्या आवाजात सांगत, "हा बैल डाव्या अंगाला वढतो. पान्यात बसतो. घेनार असशील तर घे, मागनं माझ्या नावानं वरडू नको."

या ओरडण्यामागे एक कारण होतं. ते त्यांनी मला चहा पिता पिता, बैलाचं वय सांगावं इतक्या साधेपणाने सांगितलं. "गावातली मेलेली जनावरं वढायचं काम आमच्याकडं हुतं. छपन्न साली माझ्या बापानं ते टाकलं आन् म्हनला, आता सौदा करायचा तो जित्या जनावराचा. पर आमच्या हातनं बैल घेतोय कोन? बाकीचे दलाल गुन सांगायचे. मग बापानं खोडी सांगायला सुरवात केली. लोक पयल्यांदा हसाया जमायचे. मंग ऐकाया जमाया लागले."

आता बापाच्या जागी मुलगा होता आणि भिंगारदिव्यांनी सांगितलेली खोड म्हणजे नेवासे तालुक्यात शेवटचा शब्द होता. नव्हती ती फक्त पाटी. दुसऱ्या दलालांचे गाळे होते, गाळ्यांवर नावं होती. यांचा कडुनिंब होता.

ही पाटी त्यांच्यापेक्षा त्यांच्या बायकोच्या, भिमाबाईंच्या, मनात जास्त होती. त्या साक्षरतेच्या वर्गात चार वर्षांपूर्वी वाचायला शिकल्या होत्या आणि तेव्हापासून दिसेल ते वाचत सुटल्या होत्या. एसटीत बसल्या की नगर येईपर्यंत प्रत्येक पाटी मोठ्याने. मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "सायेब, खताची पाटी वाचली, दातांच्या डाक्टरची वाचली, शौचालयाची वाचली. समद्या जगाची वाचून झाली. ह्यांच्या नावाची तेवढी ऱ्हायली."

मी रंगनाथरावांना म्हटलं, आमची गाडी विकून द्या. ते म्हणाले, "आठ दिस वापरल्याबिगर मी तोंड उघडनार न्हाई." गाडी मी चालवायची, बाजूला छत्रीसकट ते, आणि मागे दोन म्हशी. तिसऱ्या दिवशी पांढरीच्या पुलावरून पुढे इमामपूरच्या घाटात चढ लागला. एका म्हशीने मागच्या फाळक्याला पाठ टेकवली आणि फाळक्याची कडी उघडली. म्हैस अगदी सावकाश, जिना उतरावा तशी खाली उतरली आणि औरंगाबादच्या एसटीसमोर उभी राहिली. पाऊण तास वाहतूक बंद होती. ड्रायव्हर, कंडक्टर आणि बावन्न प्रवासी मला वाटेल ते बोलत होते. रंगनाथराव गाडीतून उतरले, कडीला छत्री टोचली आणि शांतपणे म्हणाले, "एक झाली."

पुढच्या शुक्रवारी त्यांनी भर बाजारात गाडीच्या पाठीवर थाप मारली. "ऐका. म्हशीनं पाठ टेकली की मागची कडी उघडती. रिव्हर्सला वझं असलं की गियर सुटतोय. आन् सीट असं हाय की पाथर्डीपातुर गेलात तर दोन दिस उभ्यानं जेवाल. मी दोरीनं कडी बांधली, म्हैस मंग उतरली न्हाई. इंजिन चांगलं हाय. घाटात दम लागत न्हाई."

'निर्दोष गाडी' म्हणणारा मी तेव्हा पलीकडे लपलो होतो ते यामुळे. नोकरी गेलीच म्हणून मी मनातल्या मनात वडिलांना द्यायची उत्तरं जुळवत होतो. एवढ्यात एक गवळी पुढे आला आणि म्हणाला, "दोरी माझ्याकडं हाय."

भावाचाही घोळ झालाच. मी म्हटलं, किंमत छापील आहे, कमी-जास्त नाही. गवळी नाराज झाला. जनावराच्या बाजारात भाव उपरण्याखाली हात घालून बोटं दाबून ठरतो, चारचौघांत बोलत नाहीत. रंगनाथरावांनी मग उपरणं टाकलं, त्याखाली गवळ्याचा हात धरला, पाच मिनिटं दाबादाबी केली, मान हलवली, नाही म्हटलं, परत दाबलं. शेवटी दोघांचे चेहरे खुलले. किंमत छापीलच ठरली होती. गवळी मात्र सगळ्यांना सांगत गेला की काय भावात मिळाली ते विचारू नका. त्या दिवशी तीन गाड्या गेल्या.

दुसऱ्या महिन्यात मी बाजारात पोचलो तर रंगनाथराव दौलतमध्ये बसलेले. मागे दोन म्हशी, शेजारी टाय लावलेला धवल. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "रंगनाथराव, तुम्ही आमचे ना?"

"मी जनावराचा दलाल हाय, नरसिंगराव. मालकाचा न्हाई." आणि त्या शुक्रवारी त्यांनी दौलतच्याही खोडी सांगितल्या. कडी पक्की आहे, सीट गादीवानी आहे, पण घाटात पाणी उकळतं आणि हॉर्न पावसात मुका होतो. झालं, धवलच्याही चार गाड्या गेल्या.

तिथून पुढे नगर जिल्ह्यात दोन कंपन्यांची स्पर्धा म्हणतात ती खरी सुरू झाली. कुकर आणि घड्याळं संपली. मी घोडेगावच्या लोहाराकडून फाळक्याला दुहेरी कडी करून घेतली. गाडी परत म्हशींसकट घाटात गेली, म्हैस उतरली नाही, आणि रंगनाथरावांनी बाजारात सांगितलं, "शिखरची एक खोड ग्येली." त्या दिवशी धवलचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. त्याने पुढच्या पंधरवड्यात नगरहून मिस्त्री आणून रेडिएटरचा पंखा बदलून दाखवला. मग मी सीट. मग तो हॉर्न. मोठमोठे इंजिनिअर पुण्या-मुंबईत बसून जे करत नव्हते ते दोन म्हशी, एक लोहार आणि एक छत्री मिळून करत होते.

हे सगळं दर शुक्रवारी एक बाई उभ्याने ऐकत असत. दगडाबाई. पाथर्डीकडच्या, शेळ्यांच्या व्यापारी, कमरेला पैशाची पिशवी, तोंडात तंबाखू. गावची गावं ऊसतोडीला गेली तेव्हा या बाईंनी जाणाऱ्यांच्या शेळ्या सांभाळल्या आणि त्यातून धंदा उभा केला. त्यांना गाडी घ्यायची होती. पण वर्षभर त्या खोडी ऐकायच्या आणि "अजून निगतील" म्हणून निघून जायच्या.

अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात मुंबईहून आमच्या कंपनीचे मोठे साहेब येणार असं कळलं. 'शिखर सुपर' नावाची नवी गाडी आली होती आणि तिचा सोहळा घोडेगावच्या बाजारातच करायचा होता. साहेबांनी आकडे पाहिले होते. त्यांनी ठरवलं होतं की रंगनाथरावांना कंपनीचा माणूस करायचं. हायवेला पत्र्याची शेड, आणि शेडवर पाटी. अट एकच. आमचीच गाडी विकायची आणि खोड हा शब्द तोंडातून काढायचा नाही.

पाटी मीच करून घेतली. पेंटर म्हणाला, "भिंगारदिवे? नाव लांबलचक आहे, पाटी वाढवा." मग सव्वापाच फुटी पत्रा आणला. वर ठळक लाल अक्षरांत 'रंगनाथ तुकाराम भिंगारदिवे', खाली बारीक काळ्यात 'अधिकृत विक्री प्रतिनिधी'.

अट सांगायला मी त्यांच्या घरी गेलो. रंगनाथराव बराच वेळ छत्रीची काडी सरळ करत बसले. मग म्हणाले, "नवी गाडी आठ दिस द्या." मी साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, गाडी सोहळ्याच्या सकाळीच पोचेल, चिखल लागलेली गाडी मला नको. रंगनाथराव म्हणाले, "बघू." भिमाबाईंनी एवढंच विचारलं, "अक्षरं मोठी काढलीत ना? मला लांबनं वाचायचंय."

शुक्रवारी मांडव, माइक, सनई. पाटीवर रेशमी कापड. भिमाबाई नवी जांभळी साडी नेसून पहिल्या रांगेत. धवलही आला होता, मागे, टाय काढून. साहेबांनी इंग्रजी-मराठीत गाडीचे वीस गुण सांगितले. लोकांनी एवढे गुण कोणत्याच जनावरात कधी ऐकले नव्हते, त्यामुळे ते चांगलेच साशंक झाले. तेवढ्यात दगडाबाई गर्दीतून पुढे आल्या. त्यांचा हात कमरेच्या पिशवीवर होता.

"रंगूभाऊ, म्या घेते ही. पैशे आनलेत. खोड सांग."

साहेबांनी हसत माइक रंगनाथरावांच्या हातात दिला. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते पाटीवरच्या कापडाकडे पाहत होते, मग भिमाबाईंकडे. खरं सांगतो, त्या वेळी मला वाटत होतं की या माणसाने एकदा, फक्त एकदा खोटं बोलावं. मला माझ्या नोकरीसाठी तसं वाटत होतं, हेही कबूल करतो.

त्यांनी माइक छबूबाईंच्या टपरीवर ठेवला. त्यांना माइक लागत नसे.

"दगडाबाई, गुन सायबांनी सांगितले, ते खरे असतील. खोडी मला ठाव न्हाईत. म्या ही गाडी आज सकाळी बघितली. मला हिची खोड ठाव न्हाई, हीच आज हिची सगळ्यात मोठी खोड हाय."

दगडाबाईंनी पिशवी परत खोचली. मांडवातले लोक उठून आपापल्या जनावरांकडे गेले. साहेब मला म्हणाले, "ते नाव पुसून घ्या, पत्रा वापरता येईल." कापड न काढताच पाटी खाली उतरली आणि ती मी नव्या गाडीच्या सीटमागे सरकवली. भिमाबाईंना त्या दिवशी एकही अक्षर वाचायला मिळालं नाही.

संध्याकाळी मी कडुनिंबाखाली गेलो. रंगनाथराव म्हणाले, "वाईट वाटलं, नरसिंगराव. लई वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू?" भिमाबाई त्यांच्यावर रागावल्या नव्हत्या. त्यांचा सगळा राग मुंबईवर होता. "आठ दिस मागितले हुते. त्या सायबाचं काय गेलं असतं आठ दिसांत?"

पुढचे चार शुक्रवार शिखर सुपरला कुणी हात लावला नाही. दौलतच्या गाड्या मात्र जात होत्या. पाचव्या शुक्रवारच्या आधी आमच्या मालकांनी, मुंबईला न कळवता, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ने त्या छत्रीवाल्याकडे."

गाडी म्हशी घेऊन घाट चढली, उतरली, काही झालं नाही. मी हवेत होतो. मग रंगनाथराव म्हणाले, "दगडाबाईला काय म्हशी न्यायच्यात?" त्यांनी बारा शेळ्या भरल्या. चार मैलांवर एक शेळी केकाटायला लागली. गाडीचा तळ आणि मागचा फाळका यांच्यामध्ये सबंध रुंदीभर दोन बोटांची फट होती. म्हशीचा खूर तिच्यात जात नव्हता, शेळीचा बरोबर जात होता. पाय सोडवून, शेळीला थोपटून त्यांनी छत्री टेकली. "सापडली," ते म्हणाले, आणि इतका आनंदी माणूस मी क्वचित पाहिला आहे.

शुक्रवारी त्यांनी ती खोड पुकारली. दगडाबाईंनी ऐकलं, खाली वाकून फटीत बोटं घालून पाहिली आणि म्हणाल्या, "एवढीच? मंग आज फट बुजवा, आज न्हेते." लोहाराने माप घेतलं. सव्वापाच फूट लांब पट्टी हवी होती आणि एवढा लांब पत्रा त्याच्याकडे नव्हता. नगरहून आणेपर्यंत बाजार उठला असता आणि दगडाबाईंचं मनही.

मला एकदम सीटमागची पाटी आठवली. महिनाभर मी ती पेंटरकडे न्यायची टाळत होतो. का, ते मलाच नीट सांगता आलं नसतं. लोहाराने ती फाळक्याला लावून पाहिली. लांबी तंतोतंत. उंची जास्त होत होती, म्हणून त्याने खालची 'अधिकृत विक्री प्रतिनिधी' ही ओळ कात्रीने कापून टाकली. उरलं नुसतं नाव. तो पट्टी पालथी करून ठोकणार, तेवढ्यात दगडाबाईंनी त्याचा हात धरला.

"अक्षरं भायेर ठिव. आत शेळ्या काय वाचनार हायेत?"

रिबिटं ठोकून झाली. दगडाबाईंनी शेळ्या भरल्या, त्यांचा पुतण्या चाक धरून बसला. कोणीतरी भिमाबाईंना बोलावून आणलं होतं. त्या हात पुसत आल्या, गाडीमागे उभ्या राहिल्या आणि अक्षरांवर बोट ठेवत वाचायला लागल्या. "रं, ग, ना, थ. रंगनाथ. तु, का, रा, म." तेवढ्यात गाडी हलली.

"आरं थांब, भिंगारदिवे ऱ्हायलं," भिमाबाई ओरडल्या.

दगडाबाईंनी पुतण्याच्या खांद्यावर चापटी मारली. गाडी थांबली. मागे बैलगाड्या तुंबल्या, एक टेम्पो हॉर्न वाजवत राहिला, धवल त्याच्या दौलतवरून वाकून पाहत होता. भिमाबाईंनी घाई केली नाही. भिं-वर त्या जरा अडल्या, मग सगळं आडनाव शेवटपर्यंत वाचलं आणि पदराने पत्र्यावरची धूळ पुसली.

रंगनाथराव इतका वेळ छत्री टेकून बाजूला उभे होते. आता ते पुढे आले, नावाकडे नीट पाहिलं, नखाने रंग खरवडला आणि सवयीने चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दगडाबाई, ह्या पत्र्याची बी खोड ऐकून जा. रंग हलका मारलाय. दोन पावसाळ्यात नाव उडंल."

"उडू दे की," दगडाबाई म्हणाल्या. "रंगाचा डबा घिऊन यीन. भिमाबाई गिरवतील."